बुलेटचा बॉबकट

वस्तू घ्यायला पैसे पडतात, हे मला फार लहानपणी समजले. वस्तू दुरुस्त करायला पैसे पडतात, हे लग्नानंतर समजले. परंतु चांगल्या चालत्या वस्तूतले भाग काढून टाकायलाही पैसे पडतात, आणि ते सगळ्यांत जास्त पडतात, हे ज्ञान व्हायला मला वयाची सत्तरी ओलांडावी लागली. ते ज्ञान मला माझ्या पुतण्याने दिले. एकादशी आणि दुप्पट खाशी हा प्रकार आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. तो गॅरेजमध्येही शिरला आहे याची मला कल्पना नव्हती.

पुतण्याला दादाच्या बुलेटचा ‘बॉबर’ करायचा होता.

“बॉबर म्हणजे काय रे?” मी विचारले.

“सोपं आहे काका. जे जे नको, ते काढून टाकायचं.”

माझ्या वयाच्या माणसाला असले वाक्य घरातल्या तरुणाच्या तोंडून ऐकले की जरा अस्वस्थ व्हायला होते. मी विषय पुन्हा मोटारसायकलवर आणला.

वहिनींना आतून ‘बॉबी’ असे ऐकू आले. “ती छोटी राजदूत का? ऋषी कपूरची?” त्यांनी विचारले. 1973 साली ‘बॉबी’ आला आणि त्यातली ती खेळण्याएवढी राजदूत जीटीएस पुढे ‘बॉबी’ याच नावाने ओळखली जाऊ लागली. “तसं काही करणार असलास तर मला चालेल,” असेही त्या म्हणाल्या. पुतण्याने कपाळावर हात मारला. खरे म्हणजे त्यांचे फारसे चुकले नव्हते. इंग्रजीत ‘बॉब’ म्हणजे आखूड कापणे. आपल्याकडच्या मुली पूर्वी ज्यासाठी घरात बोलणी खात, तो बॉबकट यातलाच. घोड्याची शेपटी बुंध्याशी छाटतात, तिलाही हाच शब्द. मोटारसायकलचा मागचा मडगार्ड ही तिची शेपटी. ती छाटली की झाला बॉबर.

हा उद्योग मूळचा अमेरिकेतला, 1930 च्या दशकातला. मंदीचे दिवस होते. शर्यतीसाठी खास बनवलेल्या गाड्या परवडेनात, म्हणून तिथल्या मोटारसायकल संघटनेने दुकानात मिळतात तशाच गाड्यांच्या शर्यती सुरू केल्या. त्यांचे नाव ‘क्लास सी’. माणूस सोमवार ते शनिवार ज्या गाडीवरून कामाला जाई, तीच घेऊन रविवारी शर्यतीत उतरे. गाडी हलकी व्हावी म्हणून पुढचा मडगार्ड काढ, दिवा काढ, मागचा मडगार्ड छाट, असे करी. पुढे 1945 साली महायुद्ध संपले. सैनिक घरी परतले आणि त्यांनी भल्यामोठ्या, जडशीळ हार्लेंवर हाच प्रयोग चालवला. काहींनी युरोपात हलक्या, चपळ गाड्या पाहिल्या होत्या. खिशात पैसे बेताचे, हातात पाना आणि करवत. जे त्यांनी काढले ते वजन होते. एकेक पौंड गेला की गाडी तेवढी जोरात पळे. त्या त्यागाला अर्थ होता. आणि तो फुकट होता.

इथेच माझी पहिली तक्रार आहे. आमच्या चिरंजीवांच्या योजनेत पुढचा मडगार्ड जाणार होता, आणि त्याच्या जागी दुप्पट जाडीचा टायर येणार होता. म्हणजे दोन किलो काढायचे आणि पाच किलो घालायचे. टूलबॉक्स जाणार आणि त्याच्या जागी चामड्याची पिशवी येणार. टाकीवरच्या सोनेरी रेघा जाणार आणि तिला न चमकणारा काळा रंग लागणार. या रेघा बुलेटच्या कारखान्यात अजून हाताने ओढतात. कुंचला टेकवायचा आणि एका दमात टाकीच्या टोकापर्यंत न्यायचा. ते कौशल्य पुसून काढायला वेगळे पैसे. हँडलच्या जागी हँडल, सायलेन्सरच्या जागी सायलेन्सर. हा संन्यास नव्हे. ही भगव्या रेशमाची खरेदी आहे.

कंपन्यांनी तर आता तयार संन्यासीच बाजारात आणले आहेत. ट्रायम्फने 2016 साली बॉबर काढला. नव्या जावाने आपल्याकडे 2018 साली ‘पेराक’ जाहीर केली. रॉयल एन्फिल्डने 2024 साली ‘गोअन क्लासिक’ आणली. जुन्या बॉबरला मागे स्प्रिंगच नसे. खड्डा आला की तो चाकाकडून थेट माणसाच्या पाठीत जाई. या नव्या गाड्यांतल्या काहींना मागे चांगला शॉकअप आहे, पण तो सीटखाली दडवलेला आहे, अशासाठी की बघणाऱ्याला वाटावे, काय सोसतो आहे बिचारा! गंमत अशी की 1946 सालच्या मूळ चेक ‘पेराक’ला ते नाव मिळाले तेच मुळी मागच्या स्प्रिंगांमुळे. त्या वेळी स्प्रिंग असणे अभिमानाचे होते. आता नसल्यासारखे दिसणे अभिमानाचे आहे. माणसाने सुख लपवावे ही रीत जुनीच आहे म्हणा; फक्त पूर्वी ते प्राप्तिकरवाल्यांपासून लपवीत.

आता दादाच्या बुलेटविषयी. 1974 ची गाडी. दादाने 1979 साली सेकंडहँड घेतली आणि सातारच्या घरासमोर उभी केली. तिला 1989 च्या आधीचा तीन अक्षरी नंबर आहे. 346 सीसीचे ओतीव लोखंडाचे इंजिन आणि 18 अश्वशक्ती. त्या काळी मला 18 ही संख्या प्रचंड वाटे. आता भावाच्या नातवंडांची खेळणीसुद्धा त्याहून जास्त आवाज करतात. ही गाडी चालवायला शिकणे म्हणजे एखाद्या तापट शास्त्रीबुवांकडे वेदाध्ययन करणे. आधी अँपिअर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबायची. मग डाव्या हाताने ती छोटी डिकम्प्रेसरची मूठ ओढून किक किंचित पुढे न्यायची. मग मूठ सोडायची, किक वर येऊ द्यायची, आणि मग देवाचे नाव घेऊन लाथ मारायची. विधीत चूक झाली तर गाडी उलटी लाथ मारी. दादाच्या नडगीवर तिच्या दोन सह्या होत्या. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. दुसरी गाडी चालवणाऱ्याने हिच्यावर बसून ब्रेक मारला की गिअर बदले. त्यामुळे ती कधी चोरीला गेली नाही. 1991 साली एका चोराने प्रयत्न केला होता. तो लंगडत गेल्याचे समोरच्यांनी पाहिले.

दादा गेला त्यानंतर ती सात वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. हेही इथे सांगायला हवे. पुतण्याच्या बाजूने जो सर्वांत मोठा मुद्दा आहे तो हाच. ज्यांना ती गाडी ‘जशीच्या तशी’ राहावी असे वाटत होते, त्यांत मीही आलो, त्यांच्यापैकी एकानेही सात वर्षांत तिची ताडपत्री उचलून पाहिली नव्हती. टाकीत गंज, टायरला भेगा, सीटमध्ये उंदरांचा संसार. प्रेमाने जपलेल्या कितीतरी गोष्टींची हीच अवस्था असते.

तरीही मी पुतण्याला विचारलेच, “एवढं सगळं काढल्यावर ती दादाची बुलेट राहील का रे?”

त्याचे उत्तर उस्तादांनी दिले. उस्ताद हे आमचे जुने मिस्त्री. दादाच्या वयाचे. गाडीचा इतिहास त्यांच्या बोटांच्या सालीवर लिहिलेला आहे. त्यांनी हिशेब मांडला. क्लच प्लेटा किती वेळा बदलल्या याची मोजदाद नाही. इंजिन दोनदा बोअर केले, पिस्टन तिसरा. कार्बोरेटर दुसरा. पुढचे चाक 1988 साली खंबाटकी घाटात वाकले, ते नाना पेठेतून आणलेले. टाकी 1996 साली पुण्याच्या जुन्या बाजारातून, बुधवारी घासाघीस करून रविवारी आणली. सायलेन्सर चौथा. सीट तिसरी. “साहेब, दादांनी जी गाडी घेतली ती कधीच गेली,” उस्ताद म्हणाले. “आपण जपतोय ती मी बनवलीय.”

मला थीसिअसची आठवण झाली. अथेन्सच्या लोकांनी त्या वीराचे तीस वल्ह्यांचे जहाज शतकानुशतके जपले. फळी कुजली की नवी बसवत गेले. प्लूटार्क सांगतो की तत्त्वज्ञ लोक त्या जहाजापाशी उभे राहून भांडत, हे तेच जहाज की दुसरे? पुढे सतराव्या शतकात हॉब्जने या भांडणात आणखी तेल ओतले. समजा, कुणी त्या काढलेल्या जुन्या फळ्या जमवून त्यांचे जहाज पुन्हा उभे केले, तर थीसिअसचे जहाज कोणते? हॉब्जला हा नुसता कल्पनेचा खेळ वाटला असेल. उस्तादांच्या गॅरेजमागे दादाच्या दोन्ही जुन्या पिस्टनांसकट सगळे भंगार पोत्यात भरून ठेवले आहे. मनात आणले तर ते महिनाभरात दुसरी दादाची बुलेट उभी करून दाखवतील. चालणार नाही, पण थीसिअसचे जहाज तरी कुठे चालत होते?

आपल्याकडे हाच प्रश्न वाहनावरूनच निघाला होता. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक मिनँडर, हा नागसेन भिक्षूंशी वाद घालायला रथातून येतो. नागसेन विचारतात, रथ म्हणजे काय? आस? चाके? जू? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ कुठे आहे? राजाला कबूल करावे लागते की या सगळ्या भागांच्या आधारे वापरायचे ते एक नाव आहे. नागसेन म्हणतात, माझेही तसेच. आत ‘नागसेन’ म्हणून कुणी बसलेला नाही. मला हे उत्तर थीसिअसच्या उत्तरांपेक्षा नेहमीच जास्त आवडले आहे, परंतु घरात वापरायला ते सोयीचे नाही. वहिनींसमोर उभे राहून “दादा म्हणजे केवळ एक व्यवहारातलं नाव होतं” हे वाक्य म्हणायची माझी छाती नाही.

परिवहन खाते मात्र नागसेनांना मुळीच मानत नाही. त्यांच्या मते प्रत्येक गाडीला आत्मा असतो, तो चेसीवर ठोकलेल्या नंबरात असतो, आणि आत्म्याचे पंधरा वर्षांनी व पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी नोंदणीच्या कागदावरचा तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने करू नये. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की कारखान्याने दिलेले रूप मोडून मूळ सांगाड्यात फेरफार करता येणार नाही. मी हे सर्व पुतण्याला वाचून दाखवले. तो म्हणाला, “काका, कोण बघतंय?” नीतिशास्त्रातली बरीचशी कठीण प्रकरणे या दोन शब्दांनी सुटतात आणि बरीचशी सुरू होतात.

पण मग तो शहाण्यासारखे बोलला. “कायद्याचं ठीक आहे. पण कंपनीने काय केलं ते बघा ना!” आणि त्याने जे सांगितले ते खोडून काढता आले नाही. ‘रॉयल एन्फिल्ड’ ही मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. 1955 साली मद्रासला तिचे रोपटे लागले. पुढे रेडिचचे झाड वठले, मद्रासचे वाढत राहिले. 1994 मध्ये आयशरने ते घेतले. गिअर उजवीकडून डावीकडे आला. लोखंडी इंजिन गेले. कार्बोरेटर गेला. 2023 साली नवी बुलेट आली; तिचा एक नटही दादाच्या बुलेटला बसणार नाही. आणि तरी टाकीवर नाव बुलेटच. “मालकाने मडगार्ड कापला तर गुन्हा, आणि कंपनीने सगळी गाडीच बदलली तर परंपरा!” पोरगा वकील व्हायचा राहिला.

मी माघार घेतली, पण मडगार्डवर पाय रोवून उभा राहिलो. कारण मडगार्ड हा माझ्या मते नुसता पत्रा नाही, तो एक विचार आहे. तो आपल्यासाठी नसतोच मुळी. पुढच्या मडगार्डने थोडे आपले तोंड वाचते. मागच्याने मागून येणाऱ्याचे. बॉबरवाल्यांच्या कॅलिफोर्नियात पाऊस महिनोन्महिने फिरकत नाही. आमच्याकडे जुलैत महाबळेश्वरकडून येणारा ढग साताऱ्यात शिरला की सायकलवाल्यालाही मडगार्ड कमी पडतो. कुणीतरी, कधीतरी, चिखल खाऊन शहाणे झाल्यावर त्या पत्र्याला जागा मिळालेली असते. काढणाऱ्याला वाटते, हे उगीचच इथे आहे.

आणि साडीगार्ड! मागच्या चाकाची निम्मी बाजू तरी झाकली जावी, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकणार नाहीत, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 1989 पासूनचा 123 वा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा हवी, हेही त्यातच आहे. सरकारी नियम वाचून मला क्वचितच गहिवर येतो. परंतु या देशातल्या कुठल्यातरी कचेरीत, कुठल्यातरी रुक्ष टेबलावर, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईचा पदर कुणाला तरी आठवला होता, याचे मला बरे वाटते. बॉबरला साडीगार्ड नसतो. कारण बॉबरला मागे कोणी बसतच नाही. तिला सीट एकच. सायकलसारखी, स्प्रिंगची, एका माणसापुरती.

खरा प्रश्न हा होता, आणि आम्ही सगळे तीन आठवडे त्याच्याभोवती फिरत होतो. जहाज, रथ, कलम 52 हे सगळे तोंडी लावणे. मागची सीट वहिनींची होती. लग्नानंतर त्या गाडीने वहिनींना दवाखान्यात नेले, बँकेत नेले, कोल्हापूरला अंबाबाईला नेले, पोर पोटात असताना आणि पोर मांडीवर असताना. पुतण्याच्या कागदावरच्या चित्रात त्या जागी नुसते चाक होते.

गोतावळ्यात मतभेद झाले. आत्याचे म्हणणे, गाडी जशी होती तशी रंगवून दारात उभी करा. मेहुण्यांचे म्हणणे, विकून टाका. जुन्या बुलेटला हल्ली पुण्यामुंबईचे लोक वेड्यासारखे पैसे देतात. माझे मत असे होत चालले होते की मेलेल्या माणसाच्या वस्तूवर जिवंत माणसाचा हक्क असतो, परंतु तो वापरण्याचा असतो, मोडण्याचा नसतो. यावर पुतण्या म्हणाला, “दादांनी स्वतः टाकी बदलली, सीट दोनदा बदलली, तेव्हा कुणी विचारलं?” (तो बापाला आमच्यासारखे ‘दादा’च म्हणे.) हेही खरे. दादाला वस्तू जपायचा काडीचाही सोस नव्हता. त्याला ती चालायला हवी असे. आम्ही ज्याच्या नावाने जपणूक करीत होतो, त्या माणसाच्या स्वभावातच जपणूक नव्हती.

उस्तादांनी मात्र एका वाक्यात वादाला वेगळे वळण दिले. “कापायचंय की खोलायचंय, तेवढं सांगा.” त्यांच्या लेखी सगळ्या जगात दोनच प्रकारची कामे आहेत. जे नटबोल्टने निघते ते काम. जे गॅसकटरने निघते तो खून. मडगार्ड खोलला तर उद्या पुन्हा लावता येतो. चेसीचा मागचा भाग कापला की तो गेला. पुन्हा वेल्डिंग केले तरी जोड दिसतो आणि घाटात जाणवतो. मला हे नीतिसूत्र फार आवडले. जे बदल परत फिरवता येतात ते तरुणांनी खुशाल करावेत; जे येत नाहीत त्यांना सगळ्यांची संमती हवी. लग्न, घर विकणे, झाड तोडणे, सगळ्याला हे लागू पडते. पण लगेच माझ्याच मनात शंका आली. आमच्या माळ्यावर ‘उद्या पुन्हा लागेल’ म्हणून ठेवलेला पाळणा आहे, वातीचा स्टोव्ह आहे, माझा टाइपरायटर आहे. यांतले काहीही बोल्ट काढून गेलेले. कापलेले एकही नाही. तरी एकही परत खाली आलेले नाही. माळा हा परतीचा रस्ता आहे, असे आपण फक्त वर चढवताना म्हणतो.

हे सगळे चालू असताना ज्यांची सीट त्या आत पोहे परतत होत्या. मी एक गोष्ट कुणाला बोललो नव्हतो, कारण कोणी विचारते का ते मला पाहायचे होते. दादा गेल्यावर आरसी बुक वारसाच्या नावावर करायला वहिनींबरोबर रांगेत मीच उभा होतो. शेवटी उस्तादांनीच विचारले, “कागद कुणाच्या नावावर आहेत? मालकाच्या सहीबिगर मी हात लावणार नाही.” मी कागद काढून टेबलावर ठेवला. कायद्याने, थीसिअसने आणि नागसेनांनीही मान्य करावे असे नाव त्यावर होते. सगळे जण स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. “भावजी, तुम्ही सगळे शिकलेले,” त्या म्हणाल्या. “तीन आठवडे माझ्या सीटवर बोलताय. मला वाटलं, आज विचारतील, उद्या विचारतील.”

“आई, तुला वाईट वाटेल म्हणून…” पुतण्या पुटपुटला.

“ते मला ठरवू दे ना.”

मग त्यांनी निकाल दिला. कापायचे काही नाही. पुढचा मडगार्ड राहील, कारण पावसाळ्यात शर्ट कोण धुतो हे त्यांना माहीत होते. टाकीवरच्या सोनेरी रेघा राहतील. “मग ते बॉबर कसलं?” पुतण्या कळवळला. “मग त्याला दुसरं नाव ठेव,” वहिनी म्हणाल्या. नागसेनांनी यापेक्षा निराळे काय सांगितले होते?

“आणि मागची सीट?” मी घाबरत विचारले.

“ती काढा.”

खोलीत कोणी बोलेना.

“अहो, ती सीट मला कधीच आवडली नाही,” त्या म्हणाल्या. “पाय बधिर व्हायचे. वाऱ्याने केसांचं सुगरणीचं घरटं व्हायचं. आणि दिसायचं काय? हे सहा फूट, खांदे असे! महाबळेश्वर मी दोनदा पाहिलंय. एकदा बुलेटवरून, म्हणजे यांची कॉलर. आणि एकदा एसटीने गेले, तेव्हा महाबळेश्वर.”

हे त्या हसत म्हणाल्या. परंतु माझ्या ध्यानात आले की इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी दादालाही सांगितली नसावी. आम्ही ज्या जागेला त्यांच्या संसाराची गादी समजून जपायला निघालो होतो, तिच्यावर बसलेल्या माणसाला समोर काय दिसते, हे त्या वाहनावरच्या कोणालाच विचारावेसे वाटले नव्हते. तरीसुद्धा एक आहे: काढलेली ती सीट त्यांनी भंगारात देऊ दिली नाही. उंदरांची घाण स्वतः झाडली, फाटलेल्या जागी टाके घातले.

उस्तादांनी तोड काढली. मिलिटरीच्या बुलेटला पुढची गादी वेगळी, मागची वेगळी. तशीच पुढे स्प्रिंगची एक बसवायची आणि मागची सुटी, दोन बोल्टची, लागेल तेव्हा लावायची. मूठ, पायरी आणि साडीगार्ड जागच्या जागी. म्हणजे कारखान्याने लिहून दिलेली दोन आसने कागदावरही राहिली आणि, पान्याचे दहा मिनिटांचे काम केले तर, गाडीवरही राहिली. पुतण्याला हे अगदीच पाणचट वाटले. मित्रांत दाखवायला ते ना बॉबर, ना बुलेट. पण गाडी सात वर्षांनी चालू झाली ती तिसऱ्या किकला, आणि चौथ्या दिवशी तिने त्याच्या नडगीवर सही केली. तेव्हापासून तो मित्रांना काही समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही.

मागची गादी माळ्यावर गेली. ती पाळण्याशेजारी कायमची राहणार याविषयी मला खात्री होती. ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी वहिनींनी पोराला ती खाली काढायला लावली. कासच्या पठारावर फुले संपायच्या आत जायचे होते. त्याने दोन बोल्ट आवळले. वहिनी पूर्वीसारख्या एका बाजूला पाय न सोडता, पंजाबी ड्रेसमध्ये, दोन्हीकडे पाय टाकून बसल्या आणि हेल्मेट घातलेल्या डोक्याने समोर पाहू लागल्या.

“नीट बसलीस ना?” पुतण्याने विचारले.

“बसले. तुझी मान यांच्यापेक्षा बारीक आहे,” वहिनी म्हणाल्या. “बरंच दिसतंय.”